बिनकामाचं चालणं

आमच्या घरी शिकायला म्हणून राहिलेली ऑस्ट्रियातली मुलगी पहिल्याच रविवारी सकाळी एकटी फिरायला बाहेर पडली, आणि जेवणवेळेपर्यंत गावकऱ्यांनी तिला दोनदा घरी आणून सोडलं. आधी मिठागरावर निघालेल्या बायांनी तिला बांधावर गाठलं आणि हाताला धरून परत आणलं. "वाट चुकली गो बिचारी," असं आईला सांगून त्या पुन्हा कामाला गेल्या. थोड्या वेळानं ती परत बाहेर पडली, तर एका सायकलवाल्यानं तिला मागे बसवून दारात आणून उतरवलं. ती दोन्ही वेळा निमूट आली. तिला वाटलं, इथली तशी रीतच असेल.

कासू स्टेशनवर उतरून खाडीच्या दिशेनं चालत राहिलं की आमचं गाव लागतं. रेल्वे रोह्यापर्यंत येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी पेणला कॉलेजात बी.ए. करत होते. ही मुलगी वर्षभरासाठी पुण्याला शिकायला आलेली. त्यातले काही महिने तिला खाडीकाठच्या गावात काढायचे होते. खारं पाणी बांध घालून शेताबाहेर कसं ठेवतात, बांध फुटला की लोक काय करतात, हा तिचा अभ्यासाचा विषय. आमच्या कॉलेजातल्या सरांची पुण्यात ओळख होती, त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, वडिलांनी हो म्हटलं. आईनं एवढंच विचारलं, "भात खाते ना?"

दिवाळी होऊन भात घरात आलं आणि ती आली. उंच, हडकुळी, नाकावर ठिपके, पाठीवर तिच्या कमरेइतकी पिशवी. मराठी ती पुण्यात पुस्तकावरून शिकली होती. पहिल्या रात्री जेवताना ती आईला म्हणाली, "कृपया मला अर्धीच भाकरी वाढावी." आईचा हात तव्यावरच थांबला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ही तर भटजीवानी बोलते गो."

त्या रविवारी संध्याकाळी वडिलांनी तिला समोर बसवून समजावलं. एकटीनं असं फिरू नकोस, लोकांना काळजी वाटते.

"परंतु मला चालावयाचे आहे," ती म्हणाली.

"कुठं जायचंय? सांग, मी घेऊन जातो."

"कोठेही नाही."

वडील गोंधळले. "कुठं नाय म्हणजे?"

आतून चुलीपाशी बसलेल्या आईनं विचारलं, "तिकडं काम काय हाय तुझं?"

"काम नाही, आई. केवळ चालणे."

 आमच्याकडे माणूस चालायचा तो शेतावर, मिठागरावर, बाजाराला, दवाखान्याला, नाहीतर मयताला. शेवटी वडिलांनी तोडगा काढला. तिनं चालावं, पण मी बरोबर असावं. मला तर मनातून हेच हवं होतं.

मग आमचे रविवार सुरू झाले. आम्ही बांधाबांधानं जायचो. ओहोटी असली की खाडीचा चिखल उघडा पडायचा आणि त्यात निवट्या, म्हणजे चिखलातले बोटभर मासे, टुणटुण उड्या मारायच्या. ती पालथी पडून त्यांच्याकडे बघत राहायची. मी तोपर्यंत निवट्या फक्त कालवणात पाहिल्या होत्या. त्या डोळे गरागरा फिरवतात, एकमेकींशी भांडतात, हे मला तिच्याशेजारी पालथं पडल्यावर कळलं. एकदा पलीकडे बसलेला बगळा नीट दिसावा म्हणून ती बांध सोडून चिखलात उतरली आणि गुडघ्यापर्यंत रुतली. मी हात द्यायला गेले तर मीही रुतले. ती एक पाय काढायची, तेवढ्यात दुसरा जायचा. हसू इतकं येत होतं की जोरच लागेना. शेवटी दोघी आडव्या पडलो आणि खेकड्यासारख्या सरकत बांधाला लागलो. चपला खाडीनं ठेवून घेतल्या. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी होऊन घरी आलो तेव्हा आई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनं आम्हाला बघितलं आणि मटकन खालीच बसली. पदर तोंडाशी धरून ती इतकी हसली की शेजारीण धावत आली.

दुसऱ्या एका रविवारी आम्ही एस.टी.नं धरमतरला गेलो. जेटीशी लागलेले मोठमोठे बार्ज बघितले. एका म्हाताऱ्या कोळ्यानं आम्हाला त्याच्या होडीत घेतलं आणि तिच्या हातात वल्हं दिलं. होडी बराच वेळ जागच्या जागीच फिरत राहिली. म्हातारा म्हणाला, "ही होडी तुला ऑस्ट्रियाला नाय नेणार, पण चक्कर नक्की आणील." ती इतकी खूश झाली की ते वाक्य तिनं मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावून पाठ केलं.

घरी आलो की ती हातपाय धुऊन थेट चुलीपाशी जाऊन बसायची आणि आईला सगळं सांगायची. पुस्तकी मराठीत, पण काही म्हणून वगळायची नाही. पाणी कुठपर्यंत आलं होतं, बांधातल्या उघाडीच्या दारातून किती जोरात आत घुसत होतं, खारफुटीच्या मुळांवर कसले शंख होते, वाटेत कोण भेटलं आणि काय म्हणालं. आई भाकरी थापता थापता ऐकायची. सुरुवातीला "हं, हं" करायची. पुढे पुढे रविवारी संध्याकाळी आम्ही दारात दिसलो की तिचाच आवाज यायचा, "काय गो, आज काय बघितलं?"

मला नवल वाटायचं. एकदा मी म्हटलं, "आई, तू तर रोज त्याच बांधावरून जातेस."

"मी जाते तवा डोक्यावर भारा असतो," आई म्हणाली. "मान कुठं वळते?"

थंडी वाढली तसा त्या मुलीला डोंगराचा ध्यास लागला. रोह्याला आम्ही एकदा कामासाठी गेलो होतो, तेव्हा तिनं गावामागचा अवचितगड पाहिला होता. जंगलात बुडालेला, वर कुठे कुठे तटाचा दगड दिसणारा. तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं. वडील ऐकेनात. दोन तरण्या पोरी, रान, वाट कुणाला माहीत नाही, काही झालं तर सरांना काय तोंड दाखवू. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.  ताटातला भात त्या मुलीनं नुसता चिवडला.

आई म्हणाली, "मी जाते बरोबर."

वडिलांनी मान वर केली. "तू?"

"व्हय. मी."

"तिथं तुझं काय काम?"

"पोरींवर लक्ष ठेवायचं. हे काम नाय तर काय?" असं म्हणून आई ताटं उचलायला लागली. विषय संपला.

रविवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही तिघी कासूहून रोह्याला गेलो. तिथून पायथ्याच्या पिंगळसईला, आणि तिथून गडाची वाट धरली. आईनं लुगडं खोचलं होतं, चपला हातात घेतल्या होत्या आणि डोक्यावर सवयीनं चुंबळ ठेवली होती. भारा नव्हता, तरी चुंबळ होती. मी हसले तर म्हणाली, "असू दे, डोकं उघडं वाटतं." पण भाऱ्याशिवाय चालायला तिला काही जमेना. थोडं वर गेलो आणि तिनं वाळकी काटकी उचलली. मग दुसरी. ती मुलगी पुढे झाडं, पाखरं बघत चालली होती आणि मागून आई सरपण गोळा करत येत होती. गडाचा दरवाजा लागला तेव्हा आईच्या डोक्यावर चांगली बांधलेली मोळी होती. वेलानं आवळलेली.

वर एक दगडी तळं आहे, महादेव आहे. आई पाया पडली. मग आम्ही तटाशी सावलीला बसून भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा खाल्ला. खाली कुंडलिका नदी वळणं घेत गेलेली, काठाला रोह्याची कौलं, आणि कापून झालेल्या भातखाचरांत वालाचे हिरवे तुकडे. आई उठून तटाच्या कडेला गेली. बराच वेळ ती तिथं उभी होती. नागोठण्याच्या बाजूला लांबवर पाण्याची एक रेघ चमकत होती. ती आपलीच खाडी, असं तिनं ठरवून टाकलं.

"आपला गाव मंग त्याच्या अलीकडं," ती म्हणाली. "बोटाच्या पेराएवढा पण नाय गो. आणि त्यात आपण येवढं भांडतो."

ती परत येऊन बसली आणि त्या मुलीला सहज विचारलं, "तुझी आय काय करते?"

इतके दिवस ती आमच्या घरी राहत होती, आणि हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

"माझी आई बसलेली असते," ती म्हणाली. मग तिला वाटलं असावं की आम्हाला नीट कळलं नाही. "तिचे पाय चालत नाहीत. मी लहान असताना आजार झाला. ती चाकांच्या खुर्चीत बसते."

 आईनं हातातला कांदा खाली ठेवला.

"आमच्या खिडकीतून डोंगर दिसतो. रविवारी मी तेथे जाते. परत आल्यावर तिला सर्व सांगते. कोठे बर्फ वितळले, कोणते फूल आले, कोणाची गाय भेटली. मी काही विसरले, तर ती रागावते." ती हसली. "ती म्हणते, तू माझे पाय आहेस, पाय खोटे बोलत नाहीत."

वाऱ्यानं तळ्यावर सुरकुत्या पडत होत्या. मला एकदम उमगलं, ती पालथी पडून निवट्या का बघत होती आणि चुलीपाशी बसून एकेक शंख का सांगत होती. एवढ्या लांब येऊन तिनं तिची सवय मोडू दिली नव्हती.

"इथं मला सांगत जा की," आई म्हणाली. "मी काय बहिरी हाय?"

"तुम्हांला सांगतेच. परंतु आज तुम्ही बरोबर आला आहात. आज तुम्हांला काय सांगू?"

 आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, जसा माझ्या पाठीवरून आजारपणात फिरवायची तसा.

उतरताना आम्ही चुकलो. दरवाजातून बाहेर पडल्यावर दोन पायवाटा दिसल्या, आम्ही नको ती धरली. बरंच उतरल्यावर आई थांबली. सकाळी उन्हं कुठून येत होती आणि आता कुठं आहेत ते बघून म्हणाली, "ही पिंगळसईची वाट नव्हं." परत चढायचं की असंच खाली जायचं यावर आमचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात ती मुलगी सागाच्या वाळक्या पानांवरून घसरली. आवाज काही मोठा झाला नाही. पण उठायला गेली तर पाय टेकवेना. बुटातून पाय काढला तर घोटा बघता बघता सुजत चालला होता.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुम्हांला त्रास दिला. मला क्षमा करा," असं ती म्हणत राहिली.

आईनं मोळी डोक्यावरून खाली टाकली. दिवसभर जमवलेलं सरपण उतारावरून गडगडत गेलं, तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. चुंबळ सोडवली, कापड लांब केलं आणि घोट्याला घट्ट गुंडाळून गाठ मारली.

"क्षमा-बिमा राहू दे," ती म्हणाली. "पाठीवर बस."

"नाही, नाही! मी जड आहे."

"गोणीपेक्षा जड नाय. बस म्हणते ना!"

ती बसली. आई तिच्या छातीपर्यंतही येत नव्हती. ते लांब पाय आईच्या दोन्ही बाजूंनी जमिनीला घासत होते. मी मागून पिशवी आणि बूट घेऊन चालत होते. सपाट वाट असली की आई तिला घ्यायची. उतार आला की तिघी बसून सरकायचो. मधे मधे माझ्या खांद्यावर हात टाकून ती एका पायावर लंगडायची. एका ठिकाणी आई दम खायला थांबली, आणि पाठीवरची ती मुलगी तिच्या कानाशी म्हणाली, "आई, तुम्ही थकलात काय?" आई म्हणाली, "नाय." थोड्या वेळानं परत विचारलं, परत "नाय." तिसऱ्यांदा आई ओरडली, "व्हय गो बाई, थकले! आता गप बस." त्यावर आम्ही तिघी इतक्या हसलो की आई तिला घेऊन खालीच बसली.

दिवस मावळता मावळता रान संपलं आणि शेतं लागली. ते मेढं गाव होतं. डोंगराच्या भलत्याच अंगाला आम्ही उतरलो होतो. एका वालाच्या शेतात पाच-सहा माणसं पोपटी लावत होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कांदे-बटाटे भरून मडकं पालथं घालायचं काम चाललं होतं. आम्हाला बघून ती सगळी उभीच राहिली. केस विस्कटलेली एक खाडीकडची बाई, तिच्या पाठीवर गोरी उंच मुलगी, आणि मागे हातात बूट घेतलेली मी.

शेतमालकाची बायको पुढे आली. "काय गो झालं?"

"पाय मुरगळला पोरीचा," आई म्हणाली. "गडावर गेलो होतो."

"नवस होता?"

आई म्हणाली, "नाय. बघायला गेलो होतो."

 त्या बाईनं गोणपाट अंथरलं, पाणी दिलं, हळद गरम करून आणायला घरी निरोप धाडला. रोह्याला जायला आता काही मिळणार नव्हतं. आम्ही त्यांच्याकडेच राहिलो. मडकं उघडलं तेव्हा पहिल्या शेंगा त्या मुलीच्या ओंजळीत पडल्या. शेंगेतले दाणे सोलून खाताना ती म्हणाली, "लय बेस हाय." पुस्तकाबाहेरचं तिचं ते पहिलं वाक्य. आई आयुष्यभर ते लोकांना सांगत राहिली.

सकाळी दुधाच्या टेम्पोनं रोह्याला पोचलो आणि गाडीनं कासूला. फलाटावर वडील उभे होते. आदल्या संध्याकाळपासून ते रोह्याकडून येणारी प्रत्येक गाडी बघत होते, हे मला नंतर स्टेशनवरच्या चहावाल्यानं सांगितलं. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्या पायाकडे, मग आईकडे. मी डोळे मिटून घेतले. आता काय बोलतील ते बोलतील.

वडिलांनी त्या मुलीचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि हळूहळू चालायला लागले. स्टेशन मागे पडलं, बांध लागला. मग पुढे बघतच त्यांनी आईला विचारलं, "वरनं काय दिसतं?"

आणि आईनं सांगायला सुरुवात केली. घर येईपर्यंत ती बोलत होती. नदी, कौलं, तळं, महादेव, लांबची खाडी. काही वगळलं नाही. वडील मधेच "आणि आपलं शेत?" असं काहीतरी विचारायचे. नवराबायको असं रस्त्यानं बोलत चाललेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

पाय बरा व्हायला वेळ लागला. तेवढे दिवस ती ओटीवर बसून अभ्यास लिहायची आणि आई मिठागरावरून आली की आज तिकडं काय काय दिसलं ते तिला सांगायची. होळीच्या आधी तिची जायची वेळ आली. सामान बांधताना त्यात एक छोटा टेपरेकॉर्डर निघाला. पुण्यात भाषा शिकताना वापरायचा. आईनं विचारलं, यात बोललेलं राहतं का? राहतं, असं त्या मुलीनं सांगितलं. दुपारी कामं उरकून, तोंड धुऊन, चांगलं लुगडं नेसून आई ओटीवर येऊन बसली.

"लाव ते," ती म्हणाली. "तुझ्या आयशीला सांगायचं हाय."

त्या मुलीनं बटण दाबलं. आई आधी नुसतीच त्या यंत्राकडे बघत राहिली. मग लांब असलेल्या माणसाला हाक मारावी तशी मोठ्यानं बोलायला लागली.

"बाई, मी हिकडची आई बोलते. तुझी पोर पडली, पण माझ्या समोर पडली, काळजी करू नको. पाय आता बरा हाय. भात खाते, मासं खाते, काटं नीट काढत नाय. गडावर आमी दोघी तुझ्या पोरीसंगं गेलो. ती तुला सगळं सांगलच, पण एक गोष्ट तिला दिसली नाय, म्हणून मी सांगते. वर पोचल्यावर तुझी पोर कशी दिसत होती ते तिला कुठनं दिसणार? गाल लाल झालं होतं. केस सगळं उडत होतं. लहान पोरावानी दिसत होती बघ."

एवढं बोलून आईनं हातानंच बंद कर अशी खूण केली. ती मुलगी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन रडत होती.

ती गेली. पावसाळा संपताना परदेशातून एक पाकीट आलं, त्यात कॅसेट होती. शेजारच्यांकडे टेप होता, तिथं सगळी आळी जमली. एका बाईचा जाड, सावकाश आवाज. त्यांच्या भाषेत होतं, एक अक्षर कुणाला कळलं नाही. मधे कुठेतरी ती बाई हसली आणि आईही हसली. कॅसेट संपेपर्यंत आई मान हलवत होती, अधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होती. शेजाऱ्यांनी विचारलं, काय म्हणते गो ती? आई म्हणाली, "पोरीचंच बोलते. दुसरं काय बोलणार?"

त्याच वर्षी माझं लग्न झालं आणि मी रोह्याला नांदायला आले. संसारात रुळत होते, बाहेर पडणं फारसं नव्हतं. थंडीतल्या एका सकाळी दारात आई उभी. तिच्याबरोबर आमच्या आळीतल्या दोन बाया, तिघींच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. मला वाटलं कुणी आजारी आहे.

आई माझ्या सासूबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "तुमच्या सुनेला जरा गडावर नेते. दिवस मावळायच्या आत आणून सोडते."

सासूबाई आधी तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. भात कोण लावणार, पाणी कोण भरणार, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. 

"चढण मोठी आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"दम लागतो," आई म्हणाली. "पण बसत बसत जायचं. आपल्याला कोण हाकलतंय?"

मी आत जाऊन साडी खोचली. पिंगळसईच्या वाटेला लागलो तेव्हा धुकं विरत होतं. आई सगळ्यांच्या पुढे होती आणि मागच्या बायांना हातानं दाखवत होती, कुठल्या दगडावर पाय ठेवायचा, कुठला हलतो.